खाण बंद असण्याचे दिवस

मेल्चोराचा नवस नऊ दिवसांचा होता, आणि सहाव्या दिवशी गाव रिकामं झालं. दोन्ही सैन्यं इकडेच वळली आहेत अशी बातमी वामांगा शहराहून आली, तशी किनुआ गावची माणसं कोंबड्या पोत्यात घालून, लामा जनावरांच्या पाठीवर मका लादून पलीकडच्या दऱ्यांत निघून गेली. पाद्रीबाबा सगळ्यांच्या आधी गेले. गावप्रमुख आन्सेल्मो लापा चांदीच्या मुठीची काठी घेऊन मेल्चोराच्या दारात उभा राहिला.

"चल वहिनी. सैन्य देशाचं असो की राजाचं, भूक दोघांना सारखीच लागते."

"तीन दिवस राहिलेत भावजी."

"माउली काय दरीत येत नाही होय?"

"येईल हो ती. पण तिच्या दारात यायचं मी कबूल केलंय. तिला माझ्यामागे पळायला कसं लावू?"

"तुझ्याशी बोलण्यापेक्षा तुझ्या मडक्याशी बोललेलं बरं," आन्सेल्मो म्हणाला. "ते निदान घुमतं तरी." आणि काठी टेकत निघून गेला.

नवस तादेओसाठी होता. दोन वर्षांपूर्वी मेल्चोरानं आपल्या एकुलत्या मुलाला वामांग्याच्या बाजारात मडकी विकायला पाठवलं होतं. स्पेनच्या राजाच्या शिपायांनी बाजाराच्या चारी वाटा अडवल्या आणि हाताला लागतील ते सगळे तरणे पुरुष दोरीला बांधून नेले. मडकी रस्त्यात तशीच राहिली. तेव्हापासून दर वर्षी निष्कलंक मारिया माउलीच्या सणापर्यंत ती नऊ दिवस मीठ आणि मिरची सोडायची, दिवसातून एकदा मूठभर भाजलेला मका खायची आणि उजाडताना चर्चमध्ये जाऊन एकच गोष्ट मागायची. तादेओला घरी आण. राजा जिंकू दे की हरू दे, याबद्दल तिनं माउलीला कधी काही म्हटलं नव्हतं. त्यातलं आपल्याला कळत नाही असं तिला वाटे, आणि माउलीला उगीच जास्तीचं काम सांगायला तिला संकोच वाटायचा.

सातव्या दिवशी राजाविरुद्ध लढणाऱ्या देशवाल्यांचं सैन्य आलं. खरं तर सैन्याआधी त्यांच्या बायका आल्या. या बायका पुढे चालतात, म्हणजे दमलेला शिपाई मुक्कामावर पोचेपर्यंत चूल पेटलेली असते. मेल्चोरा चर्चमधून परतली तर तिच्या अंगणात एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई भिंतीशी रचलेल्या मडक्यांत एकेक करून डोकावत होती.

"मावशी, एवढी मडकी आणि एकातही दाणा नाही? तुमच्या गावात माती खातात की काय?"

"विकायची आहेत ती."

"आमच्याकडे विकत घ्यायला काही नाही, आणि न विचारता घ्यायला सहा हजार माणसं आहेत. मी आपली विचारून दोन घेते. फुटली तर देशासाठी फुटली म्हणा."

ती कासिमिरा. हौहाच्या खोऱ्यातली. तिचा नवरा बोनिफासिओ सार्जंट होता. फेंगड्या पायांचा, शांत चेहऱ्याचा माणूस. तो संध्याकाळी आला, मेल्चोराला पाहून त्यानं टोपी काढली आणि लगेच चुलीकडे बघितलं.

"आधी टोपी, मग चूल," कासिमिरा म्हणाली. "एवढं तरी शिकला माझ्याकडून."

मेल्चोरानं त्यांना ओसरी दिली, सरपण दिलं, आणि आपण आपला मका चघळत कोपऱ्यात बसली.

नवव्या दिवशी, सणाच्या दुपारी, गावावरच्या कोंदोरकुंका डोंगरावर राजाचं सैन्य दिसू लागलं. वरच्या कड्यापासून खालच्या उतारापर्यंत माणसं, खेचरं, पुन्हा माणसं. डोंगर आणि गाव यांच्यामध्ये फक्त एक माळ होता, मेंढरं चारण्याचा. मेल्चोराचा नवस पुरा झाला होता. कासिमिरानं तिच्यापुढे मीठ घातलेल्या साराची वाटी ठेवली. नऊ दिवसांनी मीठ जिभेला लागलं की डोळ्यांत पाणी येतं, तसं तिच्या आलं.

"वर वामांग्याची पोरं आहेत," बोनिफासिओ आपल्या वाटीत बघत म्हणाला. "बाजारात धरलेली. माझा मावसभाऊ इलारिओ त्यांच्यावर सार्जंट आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"गेल्या आठवड्यात दरीपलीकडून त्यानं मला शिव्या घातल्या ना. मी म्हटलं, हा आवाज आपल्या घरातला. मग मीही घातल्या. गोळीबार थांबला तेवढ्यात घरचं क्षेमकुशल झालं."

मेल्चोरानं वाटी खाली ठेवली. "त्या पोरांत तादेओ यूपारी म्हणून कोणी आहे का? उंच आहे. डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग."

"नावं कुठली माहीत मावशी. पण बाजारातले असतील तर त्याच पलटणीत. ती एकच आहे."

ती उठून अंगणाच्या कडेला गेली आणि डोंगराकडे बघत उभी राहिली. माउलीनं ऐकलं होतं. घरापासून अर्ध्या कोसावर आणून ठेवलं होतं त्याला. आता मधलं तेवढं आपण करायचं, असं तिला वाटलं. जिनं एवढ्या लांबून आणलं तिला उंबऱ्यापर्यंत आणायला का सांगायचं.

सकाळ लखलखीत उजाडली. आठाच्या सुमारास बोनिफासिओ धापा टाकत घरी आला. डोंगरावरून राजाचा एक मोठा अधिकारी घोड्यावरून खाली आला होता. दोन्ही सैन्यांत नात्यागोत्याची माणसं आहेत, त्यांनी लढाईआधी एकदा भेटून घ्यावं, असं त्यानं सुचवलं होतं आणि इकडच्यांनी ते मान्य केलं होतं. तलवारी ठेवून जायचं, माळाच्या मध्यावर.

"मला न्या," मेल्चोरा म्हणाली.

"तुम्ही कुठल्या सैन्यात, मावशी?"

"तिला मावशीच म्हणतोस ना?" कासिमिरा म्हणाली. "मग ती तुझी मावशी. इलारिओचीही. आता कोण वंशावळ काढत बसणार तिथे?"

माळावर चाळीस-पन्नास माणसं असतील. मेल्चोरानं असं काही कधी पाहिलं नव्हतं. दोन भाऊ एकमेकांचे खांदे धरून उभे होते, एकाच्या गळ्यात राजाचा पट्टा, दुसऱ्याच्या देशाचा, आणि दोघंही एकाच तऱ्हेनं नाक ओढत होते. एक म्हातारा अधिकारी समोरच्या तरुणाला विचारत होता, तुझ्या आईचे गुडघे आता कसे आहेत. कुणी तंबाखू दिली, कुणी घेतली. लढाईचं कोणी बोलत नव्हतं.

इलारिओ आला तो हात पसरून. "अजून मेला नाहीस फेंगड्या?"

"तू नेम धरत होतास ना, म्हणून वाचलो," बोनिफासिओ म्हणाला. दोघांनी मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही.

मेल्चोरानं पुढे होऊन मुलाचं नाव सांगितलं. डाग सांगितला.

"तादेओ? आहे की," इलारिओ म्हणाला. "चांगला आहे. वर चुलीसाठी माती कालवायची असली की त्यालाच बोलावतात."

तिनं त्याच्यामागच्या माणसांत शोधलं. "त्याला खाली का नाही आणलंत?"

इलारिओनं मान हलवली. "धरून आणलेल्यांना नाही सोडत मावशी. सबंध पलटणीभोवती पहारा आहे, रात्री लघवीलासुद्धा दोघं बरोबर. खाली सोडलं तर परत कोण येणार आहे? मी येईन की नाही याचीच त्यांना शंका."

"मग नको जाऊ," बोनिफासिओ म्हणाला.

"गप रे. शपथ घेतलीय मी, कशीही असली तरी."

कर्णा वाजला. माणसं एकमेकांपासून सुटू लागली. आत्ता, या घटकेला जे सांगायचं ते सांगायला हवं होतं, आणि मेल्चोराच्या डोक्यात एकच जागा आली.

गावाच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी ओढ्यात मातीची खाण होती. किनुआची सगळी मडकी तिथल्या लाल मातीची. आज्या-पणज्यांनी माती काढून काढून टेकाडाच्या पोटात खोल्या केल्या होत्या, आत चार-पाच माणसं आरामात बसतील अशा. बाहेरून पाहणाऱ्याला तिथे ओढ्याच्या काठाशिवाय काही दिसत नसे. बाजाराच्या आधी एकदा, ऑगस्टात, धरपकड करणारे गावात आले होते, तेव्हा मेल्चोरानं तादेओला दोन दिवस तिथेच लपवलं होतं. भिंती विटेसारख्या टणक, आत गार, चर्चसारखं शांत. शिपाई वरून चालत गेले होते आणि त्यांना काही कळलं नव्हतं.

"त्याला एवढंच सांगा," ती म्हणाली, "डोंगर उतरायला लागलात की ओढ्यात शिर आणि खाणीत जाऊन बस. आईनं सांगितलंय म्हणा. लढाई संपली की मी येते."

इलारिओनं इकडेतिकडे पाहिलं. "हे कोणी ऐकलं तर मला उभा करून गोळी घालतील."

"मी तुमच्या पाया पडते."

"पडू नका. लोक बघतायत." त्यानं टोपी नीट केली. "निरोप पोचवीन. पुढे त्याचं तो बघेल."

"शिव्या पोचवतोस तसा पोचव," बोनिफासिओ म्हणाला, पण हसला नाही.

घरी येताना मेल्चोराचे पाय हलके झाले होते. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं मुलासाठी स्वयंपाक मांडला. सुकवलेले बटाटे भिजत घातले, त्याचा जुना लोकरी पोंचो झटकून काठीवर टाकला. दहाच्या पुढे माळावर गोळीबार सुरू झाला. मग तोफा. भिंतीशी रचलेली मडकी एकमेकांवर किणकिणत होती. कासिमिरा इतर बायकांबरोबर पाण्याच्या घागरी घेऊन माळाकडे गेली होती. मेल्चोरा जपमाळ घेऊन दारात बसली. प्रत्येक मण्याला ती मनात म्हणे, तो तिथे नाही. तो आमच्या मातीत आहे. तिला एका क्षणी इतकं स्वस्थ वाटलं की त्याची लाज वाटली, कारण आवाजावरून माणसं मरत होती हे कळत होतं आणि त्यांनाही आया असणार.

एकच्या सुमारास सगळं थांबलं. मग आरोळ्या ऐकू आल्या, लांबून, खूप माणसांच्या. थोड्या वेळानं कासिमिरा आली. तिच्या अंगभर रक्त होतं, पण ते तिचं नव्हतं.

"संपलं मावशी. राजा गेला. त्यांचे सगळे मोठे धरले म्हणतात. आता या देशात स्पेनचं काही राहिलं नाही." ती पायरीवर बसली. "माझ्या फेंगड्याची दोन बोटं गेली. मी म्हटलं, आठ आहेत ना, वाटी धरता येईल."

मग तिनं चेहरा हातात घेतला आणि रडली. मेल्चोरानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिचं लक्ष वाटेकडे होतं.

चर्चच्या आवारात कैद्यांना बसवलं होतं. ओढ्याकडे जाण्याआधी एकदा बघून घ्यावं, निरोप पोचला की नाही हे विचारावं, म्हणून ती तिकडे गेली. इलारिओ भिंतीला टेकून बसला होता, डोक्याला चिंधी बांधून.

"दिला निरोप," तो तिला पाहताच म्हणाला. "शब्दन् शब्द. पोरगं हसलं हो. पहारेकऱ्यांना मी ओरडून दुसरीकडे गुंतवलं, तेवढ्यात तो सटकला. बरोबर तिघांना घेऊन गेला. पहिली गोळी उडायच्या आधी." मग तिच्या मागे बघत त्यानं विचारलं, "कुठाय? घरी पोचला असेल ना केव्हाच?"

"मी येते म्हटलं होतं. माझी वाट बघत असेल," मेल्चोरा म्हणाली.

लढाई संपून दीड तास झाला होता. पाऊस भुरभुरू लागला होता. ती ओढ्याच्या वाटेनं चालली आणि अर्ध्या वाटेवर तिचा पाय चिखलात घोट्यापर्यंत रुतला. तिनं तो बाहेर काढला. पायाला लाल माती लागली होती, ओली, गुळगुळीत, हातात घेतली तर आपोआप वाटी होईल अशी.

तिथे तिला आठवलं.

सर्व संतांचा सण झाला की खाण बंद. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत पावसाळा, तेव्हा खाणीत कोणी उतरत नाही. माती पाणी पिते, आतून सुटते, आणि वरून शेळी गेली तरी खाली येते. म्हणून सणाच्या दुसऱ्या दिवशी खाणीच्या तोंडाशी काटेरी झुडूप आडवं टाकतात, त्यावर बोरूचा क्रूस ठेवतात, जमिनीला चिचा, मक्याची दारू, पाजतात आणि म्हणतात, आता तू विसावा घे. हा नेम इतका कडक पाळला जाई की मेल्चोराच्या आठवणीत खाणीत कोणी मेलं नव्हतं. वीस वर्षं ते झुडूप तीच टाकत होती. या वर्षीही तिनंच टाकलं होतं, पाच आठवड्यांपूर्वी, याच हातांनी. आणि सकाळी माळावर उभी राहून तिनं डोळ्यांपुढे ऑगस्टातली, कोरड्या दिवसांतली खाण पाहिली होती. गार, टणक, चर्चसारखी.

ती धावली. पन्नाशीची बाई, नऊ दिवसांची उपाशी, डोंगराच्या चढावर.

काटेरी झुडूप बाजूला काढून ठेवलेलं होतं. फेकलेलं नव्हतं. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला होता आणि क्रूस वेगळा, कोरड्या खडकावर उभा केला होता. तिच्या मुलाच्या हातची रीत तिनं ओळखली. त्यापुढे खाणीचं तोंड नव्हतं. टेकाडाची कड बसली होती, वरचं गवत उभंच्या उभं खाली आलं होतं, आणि त्या ढिगाऱ्यात एक माणूस गुडघ्यांवर बसून हातांनी माती उकरत होता. केसांपासून पायांपर्यंत लाल. तिला क्षणभर वाटलं, तोच. पण हा चाळिशीचा होता, छाती भात्यासारखी वाजत होती.

"कोण तुम्ही?" तो न थांबता म्हणाला.

"त्याची आई."

त्याचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. तीही शेजारी बसून उकरू लागली. तो सेव्हेरिनो, अंदावाइलासचा विणकर. उकरता उकरता त्यानं सांगितलं. त्याला दमा, कोंदट जागेत जीव घाबरतो, म्हणून तो तोंडाशी बसला होता. बाकी तिघं आत. बरेच निवांत होते. तादेओ सांगत होता, घरी गेलो की आईच्या हातचं सार पिऊ. तोफा चालू होत्या तोवर काही झालं नाही. शेवटी, सगळं थांबत आलं तेव्हा वरून घोडे गेले. बरेच होते.

"कुणाचे?"

"दिसलं नाही. पळणाऱ्यांचे असतील, नाहीतर मागे लागलेल्यांचे. मी बाहेर फेकला गेलो. मागे वळलो तर हे."

ती उकरत राहिली. मग तिनं विचारलं, कारण विचारल्यावाचून राहवेना, "ते झुडूप पाहून तो काही म्हणाला का?"

सेव्हेरिनोनं मनगटानं तोंड पुसलं. "म्हणाला ना. थांबला तिथे. म्हणाला, अरे, ही तर बंद आहे. आम्ही म्हटलं, मग? जरा विचार केला त्यानं. मग म्हणाला, आईनं बघूनच सांगितलं असेल. तिच्याइतकं या मातीतलं कोणाला कळत नाही."

मेल्चोराचे हात चालतच होते, कारण त्यांना थांबायचं कसं ते कळत नव्हतं.

कासिमिरा तिला शोधत आली आणि माणसं घेऊन आली. बोनिफासिओ बांधलेल्या हातानं, चार शिपाई, दोन बायका, संगिनी आणि मडक्याची खापरं घेऊन. अंधार पडण्याआधी तिघं निघाले. तादेओ दुसरा. अंगावर जखम नव्हती. तोंडात माती होती. मेल्चोरानं ओढ्याच्या पाण्यात हात भिजवला आणि त्याच्या चेहऱ्यावरून फिरवला. पुन्हा भिजवला, पुन्हा फिरवला. भुवईवरचा डाग दिसू लागला तेव्हा ती थांबली.

"मी सांगितलं होतं त्याला इथे यायला," ती म्हणाली.

"हो मावशी, ठाऊक आहे," बोनिफासिओ म्हणाला. "तुम्ही जमेल तेवढं केलंत."

"तसं नाही. खाण बंद असते या दिवसांत. मला माहीत होतं."

"घोड्यांनी पडली हो ती. तुम्ही काय घोडे आणलेत?"

"शेळीनंसुद्धा पडली असती."

त्यानं कासिमिराकडे पाहिलं. कासिमिरानं मेल्चोराला जवळ घेतलं, घट्ट, आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं, म्हणजे तिला पुढे बोलता येऊ नये.

दुसऱ्या दिवशी मोठ्या खड्ड्यात शेकडो माणसं पुरली. तादेओला मात्र चर्चच्या आवारात जागा मिळाली, बापाशेजारी. त्याच्याबरोबरचे दोघं, ज्यांची नावं सेव्हेरिनोला ठाऊक होती आणि गावं अर्धवट, त्यांनाही तिनं तिथेच ठेवून घेतलं. सैन्य वामांग्याकडे निघालं. जाताना कासिमिरानं उसनी घेतलेली दोन मडकी घासून पुसून परत भिंतीशी ठेवली. एकही फुटलं नव्हतं.

सेव्हेरिनोला सोडून दिलं होतं. तो आपल्या गावी निघाला तेव्हा मेल्चोरानं त्याला वाटेसाठी मका बांधून दिला.

"त्या दोघांची गावं तुझ्या वाटेवर आहेत ना? त्यांच्या आयांना भेट. सांग, किनुआच्या मेल्चोरा यूपारीनं चुकीची जागा सांगितली. नाव सांग माझं. त्यांना शिव्या द्यायच्या असतील, शाप द्यायचा असेल, तर कुणाला द्यायचा ते कळू दे."

सेव्हेरिनोनं गाठोडं खांद्याला लावलं. "मी सांगणार, लढाईत गेले म्हणून."

"का?"

"लढाईत गेला म्हटलं की माणूस एकदा रडतो. खाणीचं सांगितलं तर रोज विचार करत बसतील, वाचला असता का म्हणून." तो तिच्याकडे बघायचं टाळत होता. "तुमच्यासाठी त्या दोन घरांना मी रोजची ती टोचणी लावणार नाही मावशी. माफ करा."

तो गेला. आठवड्याभरात गाव परत आलं. आन्सेल्मो लापानं चर्चपुढे सगळ्यांना गोळा केलं आणि काठी उचलून सांगितलं की किनुआचा तादेओ यूपारी राजाची पलटण सोडून देशाकडे येत असताना राजाच्या घोडदळानं त्याला खाणीत तुडवलं. बायका रडल्या. पुरुषांनी टोप्या काढल्या. मेल्चोरा उठून उभी राहिली.

"भावजी, तसं नाही झालं. मी त्याला बंद खाणीत पाठवलं."

गावातल्या प्रत्येकाला खाण कळत होती. शिपायांसारखं त्यांना समजावून सांगावं लागलं नसतं. तिनं एकेका तोंडाकडे पाहिलं आणि तिला दिसलं की त्यांना समजलं आहे, अगदी पूर्ण, आणि म्हणूनच कोणी बोलणार नाही.

"बस वहिनी," आन्सेल्मो हळूच म्हणाला. "उपासानं थकली आहेस."

नाताळाच्या आदल्या दिवशी पाद्रीबाबा आले. पापाच्या कबुलीसाठी त्यांच्यापुढे रांग लागली होती, कारण लढाईनंतर माळावरून बूट आणि बटणं उचलून आणलेली माणसं बरीच होती. मेल्चोराची पाळी आली. ती गुडघे टेकून बोलली, कशाला फाटा न फोडता. नवस सांगितला, माळ सांगितला, निरोप सांगितला, पाच आठवड्यांपूर्वी आपल्याच हातानं टाकलेलं झुडूप सांगितलं. मुलानं ते पाहून काय म्हटलं तेही सांगितलं. ते तिनं दोनदा सांगितलं.

जाळीपलीकडे पाद्रीबाबांनी उसासा टाकला. ते दमले होते.

"बाई, हे पाप नव्हे. पापाला इच्छा लागते. तू विसरलीस. आईच्या मायेपोटी विसरलीस."

"मला माहीत होतं बाबा."

"माहीत असणं आणि आठवणं वेगळं. देव एवढा कठोर नाही. मनाच्या समाधानासाठी तीन नमो मारिया म्हण, आणि त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करत जा. पुढच्याला पाठव."

ती माउलीच्या मूर्तीपुढे येऊन बसली. मूर्ती तिच्याच सासऱ्यानं घडवलेली, लाल मातीची, वरून निळा रंग दिलेला. मेल्चोरानं हात जोडले आणि पहिली नमो मारिया म्हटली, शब्द न गाळता. दुसरी म्हटली. तिसरी तिनं मुद्दाम हळू म्हटली, प्रत्येक शब्दावर थांबत, पण तरी ती संपली. मागे रांगेतला पुढचा माणूस अजून गुडघ्यांवर नीट टेकलाही नव्हता.

पुढे काय म्हणायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. ती हात तसेच जोडून बसून राहिली.